हाताला मुंग्या येतात? मनगटाकडे लक्ष द्या

रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात. सारे घर गाढ झोपलेले असते आणि घरातल्या एखाद्या बाईला मात्र हाताच्या बधिरपणामुळे जाग येते. बोटे जड, सुजल्यासारखी, जणू आपली नाहीतच अशी झालेली असतात. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या फिरत असतात. कधी मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागलेला असतो. ती उठून बसते, हात पलंगावरून खाली सोडते, थर्मामीटरचा पारा उतरवताना झटकावा तसा तो झटकते. पाचेक मिनिटांत बोटांत जीव येतो, पुन्हा डोळा लागतो आणि पहाटे पुन्हा तोच प्रकार.

सकाळी कुणाला सांगावे तर उत्तर ठरलेले असते, ‘हात अंगाखाली आला असेल.’ सासूबाई म्हणतात वात असेल, शेजारीण म्हणते अशक्तपणा. औषधांच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. कुणी मानेचा पट्टा लावायला सांगतो. यात सहा महिने, वर्ष, कधी चार-चार वर्षेही सहज निघून जातात. दिवसाची कामे चाललेलीच असतात. त्यामुळे दुखण्यात काही विशेष आहे असे त्या बाईलाही वाटत नाही आणि घरच्यांना तर मुळीच वाटत नाही.

वास्तविक ठरावीक बोटांतल्या मुंग्या आणि रात्रीची जाग या दोन खुणा इतक्या बोलक्या आहेत, की पुष्कळदा नुसती हकिकत ऐकूनच डॉक्टरांना दुखण्याचा अंदाज येतो. या दुखण्याचे नाव ‘कार्पल टनेल सिंड्रोम’. सोप्या भाषेत सांगायचे तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात एक मज्जातंतू चेपला जाणे. लवकर लक्षात आले, तर रात्री बांधायच्या साध्या पट्ट्यावर ते आटोक्यात येऊ शकते. वर्षानुवर्षे अंगावर काढले, तर अंगठ्याची ताकद जाते आणि ती परत येईलच असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

आठ हाडे, नऊ दोऱ्या, एक मज्जातंतू

मनगटात आठ लहान हाडे असतात. ती पन्हळीसारखी कमानीत मांडलेली असतात आणि तळहाताच्या बाजूने या पन्हळीवर एक आडवा, जाड, चिवट अस्थिबंध ताणून बसवलेला असतो. खाली व बाजूंना हाडे आणि वर अस्थिबंध, यांच्यामधली जेमतेम बोटभर जागा म्हणजे हा बोगदा. त्यातून बोटे आणि अंगठा मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, तळहातात येतात. त्यांच्याबरोबर येतो ‘मीडियन नर्व्ह’ नावाचा मज्जातंतू.

एरवी ही दहा जणांची दाटी गुण्यागोविंदाने नांदते. पण कंडरांवरचे अस्तर सुजले, अंगात पाणी साठले किंवा मनगटाचे हाड मोडून वेडेवाकडे जुळले, की बोगद्यातला दाब वाढतो. हाडे हटत नाहीत, अस्थिबंध ताणत नाही. त्या गर्दीत सर्वांत मऊ असतो तो मज्जातंतू. त्याचा रक्तपुरवठा अडतो आणि मुंग्या सुरू होतात.

हा मज्जातंतू दोन कामे करतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची निम्मी बाजू यांतली स्पर्शाची जाणीव त्याच्याकडे असते. शिवाय अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जी मांसल गादी दिसते, तिच्यातले बहुतेक स्नायू त्याच्याच हुकमात असतात. अंगठा उचलून इतर बोटांसमोर आणायचे काम हे स्नायू करतात. ब्लाउजचे हूक लावणे, सुईत दोरा ओवणे, कुलपात किल्ली फिरवणे, सुटे पैसे मोजणे या सगळ्याला तो लागतो. आपण हाताने जेवतो तेव्हा भाताचा घास बोटांवर घेऊन अंगठ्याने तोंडात सरकवतो, तेही त्याच्याच जोरावर.

मग त्रास रात्रीच का वाढतो? झोपेत आपले मनगट आपल्या ताब्यात नसते. कुणी हात उशीखाली दुमडतो, कुणी गालाखाली घेतो, कुणी मूठ छातीशी धरून झोपतो. मनगट पुढे वाकले काय किंवा मागे वाकले काय, बोगद्यातला दाब वाढतोच. तो सर्वांत कमी असतो मनगट सरळ असताना. त्यात आडवे झाल्यावर दिवसभर पायांकडे उतरलेले पाणी शरीरात सगळीकडे पसरते. हात झटकल्याने बरे वाटते, त्यामागेही मनगट सरळ होऊन दाब उतरणे हेच कारण असावे असे मानतात. ‘हात झटकावा लागतो का?’ हा प्रश्न डॉक्टर मुद्दाम विचारतात तो यासाठीच.

दुखणे काही नवे नाही. हाड मोडल्यानंतर मनगटात मज्जातंतू दाबला गेल्याची हकिकत इंग्लंडचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये नोंदवली होती. १८८० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या जेम्स पुटनम या डॉक्टरांनी रात्री हात बधिर होणाऱ्या ३७ रुग्णांचे वर्णन केले. त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. फ्रान्समध्ये पिएर मारी आणि शार्ल फॉइ यांनी १९१३ मध्ये शवविच्छेदनात दाबलेला मज्जातंतू पाहिला आणि वरचा अस्थिबंध कापून तो मोकळा करता येईल असे सुचवले. तरीही ही शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली ती १९४७ मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन व सहकाऱ्यांनी सहा रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केल्यानंतर. रात्री उठून हात झटकणाऱ्या बायकांच्या तक्रारीचा उलगडा व्हायला वैद्यकालाही इतकी वर्षे लागली.

कुणाला होतो?

पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार सुमारे तिपटीने जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा चाळिशी ते साठीच्या दरम्यान. रजोनिवृत्तीच्या सुमारास तो डोके वर काढतो, म्हणून ‘पाळी जातानाचे त्रास’ या मोठ्या गाठोड्यात तोही बांधला जातो. मनगटाची ठेवण काही अंशी आनुवंशिक असते. आई आणि मुलगी दोघींना त्रास असल्याची उदाहरणे डॉक्टरांना नेहमी भेटतात.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि लठ्ठपणा यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णांतही तो पुष्कळ दिसतो. म्हणूनच दोन्ही हातांना मुंग्या येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर रक्तातली साखर आणि थायरॉइडची तपासणी सांगतात. ‘मनगट दुखते आणि रक्त कशाला तपासता?’ असे म्हणून ही चिठ्ठी पर्समध्येच ठेवून देणारे पुष्कळ असतात. वास्तविक मुळाशी थायरॉइड असेल, तर त्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर पुष्कळदा हाताचा त्रासही उतरतो.

गरोदरपणाचे निराळे. शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पाणी चढते तसे ते मनगटातही साठते आणि हातांना मुंग्या येऊ लागतात. बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणानंतर काही आठवड्यांत त्रास आपोआप जातो. त्यामुळे तेव्हा रात्रीच्या पट्ट्यापलीकडे सहसा काही करावे लागत नाही. मात्र बाळाला पाजताना डोक्याखाली मनगट दुमडून तासन् तास बसण्याची सवय लागली, तर त्रास लांबतो. हाताखाली उशी घेऊन बाळाचा भार तिच्यावर सोडला, की मनगटाची सुटका होते. त्रास गेला नाही, तर मात्र ‘ओल्या अंगाचे दुखणे’ म्हणून तो सोडून देऊ नये.

कॉम्प्युटरविषयी एक गैरसमज घरोघर पसरला आहे. हा ‘कॉम्प्युटरवाल्यांचा आजार’ आहे असे लोक समजतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कॉम्प्युटरवर दिवसाचा बराच वेळ काम करणाऱ्यांत या विकाराचे प्रमाण इतर लोकांइतकेच निघाले. त्यापेक्षा खरा धोका आहे तो जोर लावून, घट्ट पकडून, तीच ती हालचाल करण्याच्या कामांत आणि थरथरणाऱ्या यंत्रांत. फरशी कापणारे कारागीर, ड्रिल चालवणारे कामगार, दिवसभर कात्री चालवणारे शिंपी, रोज हाताने धारा काढणारे गवळी यांची मनगटे जास्त झिजतात. कीबोर्डची बदनामी झाल्यामुळे एक नुकसान मात्र झाले. ज्या बाईने आयुष्यात कीबोर्डला हात लावलेला नाही, तिच्या बाबतीत या विकाराची शंकाच कुणाला येत नाही.

करंगळी काय सांगते?

मुंग्या येणाऱ्या प्रत्येक हाताला हाच विकार असतो असे मात्र नाही. दक्षिण स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे १४ टक्के लोकांनी अशा मुंग्यांची किंवा दुखण्याची तक्रार सांगितली. पण शारीरिक तपासणी आणि मज्जातंतूची चाचणी या दोन्हींत विकार पक्का ठरला तो तीन टक्क्यांहूनही कमी लोकांमध्ये. तेव्हा कोणती बोटे, कोणत्या वेळी आणि काय करताना, हे नीट पाहायला हवे.

डॉक्टर विचारतात, ‘करंगळीलाही मुंग्या येतात का हो?’ पहिले उत्तर बहुधा असते, ‘अहो, सगळ्या हातालाच येतात!’ मग पुढच्या वेळी जाग येताच एकेक बोट चाचपून पाहायला सांगितले, की करंगळी त्यात नव्हती असे लक्षात येते. करंगळीचा मज्जातंतू वेगळा असतो आणि तो या बोगद्यातून जातच नाही. मुंग्या मुख्यतः करंगळीलाच असतील, तर दोष बहुधा कोपरापाशी असतो. अनामिकेची एक बाजू बधिर आणि दुसरी चांगली, असा बोटातल्या बोटात फरक जाणवला, तर ती मनगटातल्या दोषाची अगदी पक्की खूण समजतात.

मानेच्या मणक्यांतून निघणारी नस दाबली गेली तरी अंगठ्या-बोटांना मुंग्या येतात आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. मान वळवली की कळ खांद्यातून दंडात उतरते का? की मान कशीही असली तरी रात्री आणि ठरावीक कामांतच बोटे बधिर होतात? पहिल्यात संशय मानेवर, दुसऱ्यात मनगटावर. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये झीज बहुतेकांना दिसतेच. ती दिसली म्हणून मुंग्यांचे खापर लगेच मानेवर फोडणे बरोबर नाही. मधुमेहामुळे येणारा बधिरपणा सहसा आधी पायांच्या तळव्यांत सुरू होतो, हेही मधुमेही रुग्णांनी लक्षात ठेवावे.

घरच्या घरी एक परीक्षा करून पाहता येते. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज फालेन यांच्या नावाने ती ओळखली जाते. नमस्कार करतो त्याच्या उलट, दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवायच्या, बोटे जमिनीकडे, कोपरे छातीच्या उंचीला. मनगटे अशी दुमडून एक मिनिट थांबायचे. मिनिटभराच्या आत त्याच ठरावीक बोटांत मुंग्या आल्या, तर संशयाला बळकटी येते. आल्या नाहीत म्हणून विकार नाहीच, असा मात्र अर्थ काढू नये.

दिवसा त्रास होतो तोही ओळखीचा असतो. वर्तमानपत्र धरून वाचताना, फोन कानाला लावून बोलताना, स्कूटरचे हँडल धरल्यावर, बसमध्ये वरची दांडी पकडून उभे राहिल्यावर बोटे बधिर होतात. पुढे हातातून वस्तू निसटू लागतात. दुधाचे पातेले सांडते, कप फुटतो आणि ‘लक्ष कुठे असते?’ हे वर ऐकावे लागते.

एक सावधगिरीची सूचना. अचानक, काही मिनिटांत एका बाजूचा सगळा हात लुळा किंवा बधिर पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, तर तो मनगटाचा विकार नव्हे. ती पक्षाघाताची लक्षणे असतात आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

गादी सपाट होण्याआधी

मज्जातंतूवरचा दाब सुरुवातीला येतो आणि जातो. या टप्प्यावर तो पूर्ण बरा होऊ शकतो. पुढे बधिरपणा दिवसाही राहू लागतो. त्यानंतरच्या पायरीवर एक फसवी गोष्ट घडते. मुंग्या आणि ठणका कमी होतो, रात्री झोप लागते आणि रुग्णाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात मज्जातंतूची संवेदनाच मंदावत चाललेली असते. गरम तव्याचा चटका उशिरा कळतो, नाण्याची कड चाचपून रुपया की दोन रुपये ते ओळखता येत नाही.

शेवटी अंगठ्याच्या बुडाची गादी वाळते. दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरून कडेने पाहिले, तर एका हाताचा उंचवटा सपाट झालेला, कधी खड्डा पडलेला दिसतो. या अवस्थेत शस्त्रक्रिया केली तरी तो स्नायू पूर्ववत भरून येईल याची खात्री देता येत नाही. अशा वेळी पट्टा बांधून महिनोन्‌महिने वाट पाहण्यातही अर्थ नसतो.

‘मुलीचे लग्न होऊ दे’, ‘परीक्षा संपू देत’, ‘दिवाळी जाऊ दे’ अशी पुढे ढकलण्याची कारणे प्रत्येक घरात असतात आणि ती खोटीही नसतात. पण गादी वाळायला लागली असेल, तर मज्जातंतू दिवाळीसाठी थांबत नाही. ज्या महिन्यात रात्रीची जाग नियमित होऊ लागते, त्याच महिन्यात डॉक्टरांना हात दाखवायला हवा.

निदानाबद्दल शंका असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर डॉक्टर मज्जातंतूची वहनचाचणी सांगतात. तिला ‘नर्व्ह कंडक्शन’ म्हणतात. त्यात विजेचे सौम्य झटके देऊन मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. झटके सुखाचे नसतात, पण धोक्याचेही नसतात. अगदी सुरुवातीच्या दुखण्यात ही चाचणी चांगली येऊ शकते. त्यामुळे डॉक्टर ती एकटी ग्राह्य न धरता हकिकतीशी ताडून पाहतात.

रात्रीचा पट्टा

पहिला उपाय अगदी साधा आहे. झोपेत मनगट दुमडू द्यायचे नाही. त्यासाठी मनगटाचा स्प्लिंट मिळतो. कापडी पट्टा आणि तळहाताच्या बाजूला आत सरकवलेली धातूची पट्टी, असे त्याचे स्वरूप असते. नुसते क्रेप बँडेज गुंडाळून हे काम होत नाही, कारण त्यात मनगट वाकतेच. उलट घट्ट बांधले तर दाब आणखी वाढतो.

विकत घेताना एक गोष्ट बघावी. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बहुधा मनगट थोडे मागे झुकेल अशी वाकवलेली असते. या विकारात मनगट शक्यतो सरळ रेषेत हवे. ती पट्टी बाहेर काढून सरळ करून घेता येते. फिजिओथेरपिस्टकडून हे काम करून घेतलेले उत्तम. पट्टा बोटांच्या मुळापर्यंतच असावा, बोटे आणि अंगठा मोकळे हलले पाहिजेत. त्याच्याखाली एक बोट सहज सरकेल इतका तो सैल बांधावा.

पहिल्या दोन-तीन रात्री अडचण वाटते. उन्हाळ्यात घाम येतो, पुरळ उठते. आत पातळ सुती कापड किंवा जुन्या मोज्याचा पाय कापून घातला तर बरे पडते. चार दिवसांत गुण नाही म्हणून पुष्कळजण पट्टा कपाटात टाकून देतात. तो निदान सहा आठवडे रोज रात्री बांधायला हवा. दिवसभर बांधून कामे करण्याची मात्र सहसा गरज नसते. पट्ट्याशी झगडत काम करताना खांदा आणि कोपर दुखू लागतात.

स्वयंपाकघरात काय बदलता येईल?

मनगट वाकवून, जोर लावून, बराच वेळ एकच काम करणे टाळायचे, हे सूत्र धरले की घरातल्या कामांत काय बदलायचे ते आपोआप सुचत जाते.

सगळ्यांत वाईट काम कोणते, तर कपडे पिळणे. भिजलेली चादर किंवा जीन पिळताना मूठ घट्ट असते आणि मनगटे दोन दिशांना मुरगळली जातात. जड कपडे न पिळता नळावर किंवा दांडीवर निथळत ठेवावेत. पिळायचेच असतील तर दुसऱ्या माणसाने एक टोक धरावे. घरात पुरुष माणसे आहेत त्यांनाही हे काम जमते.

कणीक लगेच तिंबायला घेऊ नये. भिजवून वीस मिनिटे झाकून ठेवली, की ती मऊ होते आणि निम्म्या जोरात काम होते. ओटा उंच असेल, तर मळताना मनगट मागे दुमडते. पायाखाली पाट घेतला की हात वरून सरळ पडतो. सांडशीत जड पातेले एका हाताने उचलणे हा मनगटावर मोठाच भार आहे. दोन कडीची भांडी वापरावीत आणि दोन्ही हातांनी उचलावीत. विळी-सुरीला धार हवी. बोथट पात्यावर लावलेला सगळा जोर मनगटाला सोसावा लागतो. बारीक दांड्याचा झारा किंवा उलथणे घट्ट धरावे लागते, त्याच्या मुठीवर कापड गुंडाळून ती जाड केली तर पकड सैल ठेवता येते.

दिवाळीच्या आठवड्यात त्रास हमखास उसळतो. चकलीचा सोऱ्या दाबणे, अनारशाचे पीठ मळणे, नारळ खवणे, शंकरपाळ्यांची घट्ट कणीक लाटणे, सगळेच एकामागून एक. एका दिवशी एकच पदार्थ करावा आणि सोऱ्या घरातल्या जवान मुलाच्या हातात द्यावा. बाजारातून चकल्या आणल्या म्हणून दिवाळी अडत नाही.

विणकाम आणि शिवणकाम बंद करण्याची गरज नाही, पण दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून हात सैल सोडावेत. मोबाइल फोन अंथरुणात पडून डोळ्यांसमोर धरायची सवय मात्र मनगटांना महागात पडते. तो उशीला टेकवून ठेवावा. कॉम्प्युटरवर काम करताना मनगटे टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नयेत. स्कूटर चालवताना हँडल आवळून धरणारे पुष्कळ असतात. लाल दिव्यापाशी तरी पकड सोडावी.

या बदलांनी चेपलेला मज्जातंतू मोकळा होतो असे कुणी समजू नये. दिवसाचा त्रास कमी होतो आणि रात्रीच्या पट्ट्याला काम करायला संधी मिळते, इतकेच. कंडरा हळुवार सरकवण्याचे काही व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, त्यांनी थोडाफार फायदा होतो. पण ‘पकड गेली’ म्हणून स्पंजचा किंवा रबराचा चेंडू दाबत बसणे हा उलटा उपाय आहे. जोराने मूठ आवळल्याने बोगद्यातला दाब वाढतोच.

गोळ्या, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

वेदनाशामक गोळ्यांचा या विकारात फारसा उपयोग होत नाही आणि त्या रोज घेतल्याने पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात. ब-६ जीवनसत्त्वाने मज्जातंतू सुधारतो हा समज फार जुना आहे, पण त्याला भक्कम पुरावा नाही. उलट हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले, तर त्यानेच हातापायांचे मज्जातंतू बिघडतात. तेल चोळल्याने बरे वाटते हे खरे. मात्र मनगट जोराने रगडून घेऊ नये.

पट्ट्याने भागले नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. ‘स्टेरॉइड’ म्हणताच लोक दचकतात, पण हे एका जागी दिलेले एखाददुसरे इंजेक्शन असते, रोजच्या गोळ्यांसारखे नव्हे. त्याने काही आठवडे, कधी काही महिने चांगला आराम पडतो, परंतु पुष्कळांचा त्रास नंतर परततो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगावे. दर थोड्या दिवसांनी इंजेक्शन घेत राहणे मात्र बरे नव्हे.

शस्त्रक्रियेत वरचा आडवा अस्थिबंध कापून बोगद्याचे छत उघडतात. हात तेवढा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत ती होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तळहातावर लहान छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून, अशा दोन्ही पद्धती आहेत आणि काही महिन्यांनंतर पाहिले तर दोन्हींचा परिणाम सारखाच असतो. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, दीड वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ९० टक्के रुग्ण बरे झाले होते, तर पट्ट्याच्या गटातले ७५ टक्के. या दुसऱ्या गटातल्या काहींना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. म्हणजे पट्टा निरुपयोगी नाही, पण सर्वांना पुरतो असेही नाही.

बायकांची भीती शस्त्रक्रियेची नसते, तर नंतर घर कोण सांभाळणार याची असते. त्यासाठी आधीच हिशेब केलेला बरा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि तोवर हात पाण्यात घालायचा नाही. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची, हात उंच ठेवायचा, नाही तर बोटे आखडतात. चमच्याने जेवणे, केस विंचरणे ही हलकी कामे लवकर जमतात. कणीक मळणे, बादली उचलणे यांना महिना-दीड महिना लागतो. छेदाच्या दोन्ही बाजूंना, तळहाताच्या बुडाशी दाबले की दुखणे काही आठवडे, कधी दोन-तीन महिने राहते. त्याने घाबरून जाऊ नये; पकडीचा जोर साधारण त्याच सुमाराला परत येतो. घाव लाल होऊन ठणकू लागला, त्यातून पू आला किंवा ताप चढला, तर मात्र टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

रात्रीची जाग बहुतेकांची पहिल्या काही दिवसांतच थांबते. बोटांचा बधिरपणा सावकाश उतरतो. दुखणे जुने असेल तर सहा महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. दोन्ही हातांना विकार असेल, तर सहसा ज्याचा त्रास जास्त त्याची शस्त्रक्रिया आधी करतात आणि तो घास घेण्याइतका, अंघोळ करण्याइतका मोकळा झाला की दुसऱ्याचा विचार करतात. तोवर दुसऱ्या हाताला रात्रीचा पट्टा चालू ठेवायचा असतो. पहिला हात सुटल्यावर काही वेळा दुसऱ्याचा त्रासही कमी होतो, म्हणून त्याची तारीख आधीच ठरवून टाकण्याची घाई करू नये.